वैद्यांच्या तब्येतीचा खुलासा

ठाण्यात मासुंदा तलावाजवळ गोपीनाथ वैद्य राहत. गाव त्यांना अण्णा म्हणे. साठी उलटली होती, तरी पहाटे तलावात बुडी मारून ओल्या पंच्यानेच कौपिनेश्वराला प्रदक्षिणा घालत. जुन्याचा त्यांना मोठा अभिमान. नाडी बघितल्याशिवाय पुडी द्यायची नाही आणि माणूस बघितल्याशिवाय बातमी खरी मानायची नाही, हे त्यांचे दोन नेम.

१८८५च्या सुमारास सरकारने ठरवलं की म्युनिसिपालटीचे काही सभासद यापुढे लोकांनी निवडायचे. गावात एकच धांदल उडाली. महिपतराव नावाचे तरुण वकील उमेदवार म्हणून पुढे आले. भिंतीभिंतींवर त्यांची पत्रकं लागली, बाजारात ताशेवाले फिरू लागले, आणि तिन्हीसांजेला वकीलसाहेब देवळापुढच्या ओट्यावर उभे राहून तास तास बोलू लागले.

अण्णांना हे मुळीच पटेना. "लग्नात नवरदेवाने स्वतःच स्वतःचे गुण गायचे का?" ते ओसरीवर बसलेल्यांना विचारत. "चांगला माणूस गावाला ठाऊक असतो. ठाऊक नसेल, तर ताशे वाजवून तो चांगला होतो की काय? आणि ती पत्रकं! कागदाला तोंड नसतं, म्हणून तो लाजत नाही."

हे ऐकून पेठेतल्या चार जणांनी परस्पर ठरवलं की अण्णांचंच नाव द्यायचं. अण्णांनी आढेवेढे घेतले, पण गावाने नेमलेलं काम टाकणं हेही त्यांच्या रीतीत बसेना. "नाव द्या," ते म्हणाले, "पण मी कुणाकडे मत मागणार नाही. मागून मिळतं त्याला भीक म्हणतात, मान नव्हे."

दोन दिवसांनी गावातल्याच एका साप्ताहिकाचा बातमीदार आला. अण्णा खलात हिरडा कुटत होते. मान वर न करता ते म्हणाले, "अरे बाबा, दारोदार उभं राहणं माझ्याच्याने होणार नाही. लिही जा."

बातमीदाराने घाईघाईत लिहून घेतलं. सोमवारी अंक निघाला. त्यात छापलं होतं : 'कळविण्यास खेद होतो की, वैद्य गोपीनाथ यांच्याच्याने हल्ली उभे राहणेही होत नाही.'

बातमी पेठेत पसरली. दुपारपर्यंत ओसरी ओस पडली. वैद्यच अंथरुणाला खिळला, तर त्याचं औषध घेणार कोण? त्यातच शेजारच्या आवडाबाई मऊ भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि अण्णांना दारात उभं बघून मागच्या मागे सरकल्या.

अण्णांनी अंक वाचला, आणि त्यांचं पागोटंच थरथरायला लागलं. "पाहिलंत? छापलेल्या शब्दाचं हे असं! आता याचा खुलासा कुठे करायचा?"

त्यांच्या पत्नी रखमाबाई आतून म्हणाल्या, "कुठे म्हणजे? ज्यांनी वाचलं त्यांच्यासमोर. अहो, दोन पाय दिलेत देवाने. चालून दाखवा."

अण्णांना ते पटलं. काठीसुद्धा न घेता ते निघाले. पेठेत, आळीत, प्रत्येक दारापुढे थांबून खणखणीत आवाजात सांगत, "मी मत मागायला आलेलो नाही. मला काही झालेलं नाही, एवढंच सांगायला आलोय." मग दारातच कुणाच्या पोराची जीभ बघत, कुणा म्हातारीचा गुडघा चाचपत. लोक हसत, गुळपाणी पुढे करत.

दुसऱ्या दिवशी ते चेंदणीकडच्या मिठागरांवर गेले. तिथला धाकू आगरी मिठाच्या राशीवरून त्यांना बघून धावत खाली आला.

"वैद्यबावा! तुमी तं चालताव! आमी तं नारल कबूल केला व्हता देवीला, तुमी बरं व्हावं म्हनून."

"मी आजारी नव्हतोच रे."

"मंग नारल लई लवकर पावला!" धाकू म्हणाला, आणि सगळे आगरी खो खो हसले. अण्णाही हसले. हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं, की या माणसांना आपण वीस वर्षं औषध देतोय, पण त्यांच्या अंगणात आज पहिल्यांदाच आलोय. धाकूच्या बायकोने केलेली तांदळाची भाकरी त्यांनी तिथेच बसून खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी ते नौपाड्याच्या शेतांकडे निघाले, तर वाटेत महिपतराव भेटले. वकीलसाहेबांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. रोजच्या भाषणांनी घसा पार बसला होता.

"या इकडे," अण्णा म्हणाले. आंब्याच्या सावलीत बसवून त्यांनी घसा तपासला, कनवटीची ज्येष्ठमधाची कांडी काढून दिली. "ही चघळा. आणि चार दिवस एक अक्षर बोलायचं नाही."

महिपतरावांनी केविलवाण्या चेहऱ्याने तीन बोटं दाखवली. मतदान तीन दिवसांवर होतं.

"ठाऊक आहे मला. पण वैद्य म्हणून सांगतोय, उमेदवार म्हणून नाही. ऐकायचं नसेल तर खुशाल बोला."

महिपतराव पोटभर हसले, अगदी निःशब्द, आणि त्यांनी अण्णांचं ऐकलं.

मतदानाच्या दिवशी कचेरीपुढे जत्रा जमली. अधिकारी नाव पुकारत आणि मतदार आपला माणूस सांगत. धाकूची पाळी आली तेव्हा तो ओरडला, "चालनारा वैद्य!" अधिकाऱ्यांनाही हसू आवरेना. संध्याकाळी निकाल लागला. जागा दोन होत्या; एकीवर अण्णा निवडून आले होते, आणि दुसरीवर महिपतराव.

लोकांनी मिरवणूक काढायची म्हटली. अण्णांनी साफ नाही सांगितलं. तेवढ्यात तो बातमीदार खाली मान घालून आला. "अण्णा, चूक झाली. पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो."

"छाप," अण्णा म्हणाले, "पण आधी मला वाचून दाखव. आणि जेवल्याशिवाय जाऊ नकोस."

आत रखमाबाईंनी पुरणाचा घाट घातला होता. पंगतीत एका बाजूला महिपतराव, दुसऱ्या बाजूला बातमीदार. अण्णा दोघांना वाढत होते आणि सांगत होते, "माझं मत बदललेलं नाही हं. ताशे बंद झालेच पाहिजेत."

"आणि दारोदार हिंडणं?" महिपतरावांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

अण्णांनी त्यांच्या पोळीवर तुपाची धार सोडली. "तुम्ही बोलू नका. घसा बसलाय तुमचा."