खडवलीच्या घराचे दोन फोटोग्राफर

कल्याण पूर्वेला धम्मपाल सोनवणेचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, आणि हंगामात लग्नं, नामकरणं, साखरपुडे. बरीच वर्षं तो हे काम करतोय आणि त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. कौतुकही नाही. लोक अल्बम उघडतात, त्यात स्वतःला शोधतात, सापडले की खूश होतात. फोटो कुणी काढला हे कोण विचारणार? चाळिशी उलटल्यावर ही गोष्ट धम्मपालला खुपायला लागली.

अशात ठाण्यातल्या काही तरुण मुलांनी एक प्रदर्शन ठरवलं. विषय होता बंद पडलेली घरं. कुणीही फोटो पाठवावेत, निवडलेले लावले जातील. धम्मपालला लगेच खडवलीचं घर आठवलं. नदीवर एका जोडप्याचं शूटिंग करायला गेलेला, तेव्हा बंद भातगिरणीला लागून असलेलं ते कौलारू घर त्याने पाहिलं होतं. मालक दोघे भाऊ, कोर्टात भांडतायत, आणि घराला कित्येक वर्षं कुलूप. किल्ली मागच्या बाजूला राहणाऱ्या शेवंतीबाईंकडे असायची. धम्मपालने मोठ्या भावाला फोन करून परवानगी घेतली आणि एका रविवारी मुलीला घरी ठेवून बायकोला, दीप्तीला, सोबत घेऊन गेला.

दीप्ती स्टुडिओचं काउंटर सांभाळायची. लग्नात लाइट धरायची, नवरीच्या साडीच्या निऱ्या नीट करायची. निघताना धम्मपालने तिच्या गळ्यात जुना, स्क्रीनला तडा गेलेला कॅमेरा अडकवला.

"सेटिंग करून दिलंय. नुसतं दाबायचं. नाहीतर बसून कंटाळशील."

शेवंतीबाईंनी कुलूप उघडलं. "जपून जावा. माडीवर पाय नका टाकू, फळ्या सडल्यात."

धम्मपालने दिवसभर मान मोडून काम केलं. कौलं पडली होती तिथून येणारं ऊन, माजघरात उगवलेलं पिंपळाचं रोप, झोपाळ्याच्या रिकाम्या कड्या, काही सोडलं नाही. दीप्ती मधूनमधून दिसत होती, मधूनमधून नाही. परतताना तिने चारपाच फोटो दाखवले तेव्हा त्याने लोकलमधल्या गर्दीकडे बघत "बरे आहेत" म्हटलं. पाठवायच्या वेळी मात्र तिचाही एक पाठवून दिला. दोघांच्या नावांपुढे फोन नंबर त्याचाच होता.

पंधरवड्याने निकाल आला. धम्मपालचा एकही फोटो घेतला नव्हता. दीप्तीचा घेतला होता.

फोटोत एक भिंत होती. पिवळसर चुन्याची, आणि तिच्यावर ओळीने पाच तेलकट डाग. जमिनीवर भिंतीला टेकून बसणाऱ्या माणसांच्या डोक्यांचे डाग. चार एका उंचीवर, पाचवा त्यांच्यापेक्षा बराच खाली, लहान मुलाचा असावा. बस, एवढंच. पण बघणाऱ्याला ती माणसं तिथे बसलेली दिसायची.

"अरे वा," धम्मपाल म्हणाला. दीप्तीच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून हसलाही. मग गिऱ्हाईक नसतानाही शटरपाशी जाऊन उभा राहिला.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं. घर त्याने शोधलेलं, कॅमेरा त्याचा, सेटिंग त्याचं. त्या भिंतीसमोरून तो स्वतः तीनदा गेलेला आणि मळकी भिंत म्हणून पुढे सरकलेला. घरी नातेवाईक आले, फोटोचं कौतुक करायला लागले की तो पटकन बोलायचा, "सेटिंग मीच करून दिलेलं." दीप्ती काही म्हणायची नाही, चहा ठेवायला उठायची. तिचं हे न बोलणंही त्याला टोचायचं. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

एका गुरुवारी स्टुडिओ बंद ठेवून तो एकटाच खडवलीला गेला. घरी सांगितलं, प्रिंटचा कागद आणायला चाललोय. त्याच भिंतीसमोर त्याने चांगला कॅमेरा स्टँडवर लावला. डावीकडून लाइट मारला, उजवीकडून मारला, जवळून घेतलं, लांबून घेतलं. स्क्रीनवर प्रत्येक वेळी मळकी भिंतच आली.

शेवंतीबाई दारात येऊन उभ्या होत्या. "ताई नाय आल्या?"

"नाही."

"त्या दिवशी लय वेळ बसलेल्या हितं. मी म्हटलं, बाई, कपडे खराब होतील. तर बोलल्या, होऊ दे."

"कुठे बसलेली?"

"हितंच की. भितीला टेकून. मग समोर जाऊन बसल्या खाली."

धम्मपालने तसं बसून पाहिलं नाही. सामान आवरलं आणि निघाला.

चार दिवसांनी प्रदर्शन भरवणाऱ्या अद्वयचा फोन आला. उद्घाटनाच्या दिवशी तीन जणांनी आपापल्या फोटोबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं.

"दीप्ती मॅडम बोलतील का, सर?"

दीप्ती समोरच काउंटरवर एका पोराच्या शर्टाची कॉलर सरळ करत होती. धम्मपाल फोन घेऊन बाहेर गेला.

"नाही हो. तिला लोकांसमोर बोलायला जमत नाही. लाजते ती."

"ठीक आहे सर. मग आम्ही दुसऱ्या कुणाला विचारतो."

आत आल्यावर दीप्तीने विचारलं, "कोणाचा होता?"

"कंपनीवाल्यांचा. काही नाही."

उद्घाटनाला दोघं ठाण्याला गेले. टेंभी नाक्याजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये फोटो लावले होते. दीप्ती नवी निळी साडी नेसून आली होती आणि आपल्या फोटोपासून जरा लांबच उभी होती. लोक थांबत होते, मान तिरकी करून बघत होते. भाषणं झाली. मग अद्वय हसत तिच्याकडे आला.

"मॅडम, तुम्ही बोलायला हवं होतं. सर म्हणाले तुम्ही लाजता, म्हणून मग आग्रह नाही केला."

दीप्तीने धम्मपालकडे पाहिलं. "हो," ती अद्वयला म्हणाली, "राहिलं ते."

बाहेर पडल्यावर ती स्टेशनकडे न वळता नाक्यावरच्या चहाच्या टपरीशी थांबली. दोन कटिंग सांगितले.

"मला विचारलं का नाही?"

"तुला टेन्शन येईल म्हणून."

"अहो, खरं सांगा."

धम्मपालने चहाचा ग्लास हातात फिरवला. "जळलो मी," तो म्हणाला. "एवढी वर्षं मी करतोय. तू एक दिवस कॅमेरा धरलास. मी गुरुवारी परत गेलेलो तिथे. तसाच फोटो काढायला. नाही आला."

"कागद आणायला गेलेलात ना?"

"नाही."

दीप्तीने चहा संपवला. मग म्हणाली, "मी एवढी वर्षं तुमच्यासाठी लाइट धरला. लोक तुम्हाला सर म्हणतात, मला 'जरा बाजूला व्हा' म्हणतात. मला पण वाटायचं काहीतरी. तुम्हाला कधी सांगितलं नाही." तिने रिकामा ग्लास खाली ठेवला. "पण मी कुणाला खोटं नाही बोलले."

धम्मपालने चहाचे पैसे दिले. पुढचे बरेच दिवस ती कामापुरतंच बोलली. धम्मपालने अद्वयला फोन करून सांगितलं, लाजण्याचं मीच बोललो होतो, तिला विचारलंच नव्हतं. हे त्याने दीप्तीलाही सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

दिवाळीनंतर अद्वयच्या ग्रुपने नाशिकजवळ दोन दिवसांचं शिबिर ठेवलं आणि या वेळी दीप्तीच्याच नंबरवर फोन केला. ती गेली. धम्मपालने घरी खिचडी केली, मुलीची बोलणी ऐकत ती खाल्ली. संध्याकाळी दीप्तीने एक फोटो पाठवला. बंद शाळेचा व्हरांडा होता.

धम्मपालने "छान" टाइप केलं आणि पुसलं. पोटात दुखत होतंच. मग लिहिलं, "डावीकडचं थोडं कापलं असतंस तर?"

लगेच उत्तर आलं. "नाही."

त्याने फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. मुलगी शेजारी येऊन म्हणाली, "काय बघताय एवढं?"

"कापायला जागा शोधतोय," तो म्हणाला. अशी जागा नव्हतीच. दीप्ती परत आली, स्टेशनवर तिची बॅग त्याने घेतली, आणि रिक्षात बसल्यावर तिला सांगितलं, कापण्यासारखं काहीच नव्हतं.