साहेब, वर घेऊ या

सोनपेठचा शिवरुद्र एका छोट्या विमान कंपनीत नुकताच सहवैमानिक झाला होता. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला, तेव्हा जेवताना आईनं, मल्लम्मानं विचारलं, "इमानात भेव वाटतंय का रं?"

"इमानाचं न्हाई, माय. मोठ्या सायबाला बोलायचं लय भेव वाटतंय."

मग त्यानं सांगितलं. नांदेडला उतरताना धुळीमुळं धावपट्टी दिसेना. कॅप्टन मात्र विमान खाली नेतच होते. शिवरुद्र धीर करून म्हणाला, "साहेब, वर घेऊ या." कॅप्टननी लगेच विमान वर घेतलं. धूळ बसेपर्यंत ते गोदावरीवर घिरट्या घालत राहिले. उतरल्यावर कॅप्टन एवढंच म्हणाले, "पुढंही असंच बोलत जा."

"सायब चांगला हाय," म्हणत मल्लम्मानं ताटात गरम भाकरी वाढली.