कापलेलं दीड मिनिट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर पोटातलं सगळं काढून घेणारी बाई. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पिरंगुटच्या एका कारखान्यात मी ट्रेनिंगचा साहेब होतो. पुण्याहून कंपनीच्या बसने येणारा, कडक इस्त्रीचा. व्हिडिओचं खूळ नुकतंच आलं होतं, तेव्हाची गोष्ट. पत्रा कापायच्या प्रेसवर नव्या कामगारांना शिकवायचे हुसेनमिस्त्री, पौडचे. सारा जन्म प्रेसवर काढून दहाही बोटं शाबूत — हीच त्यांची पदवी. एकेका माणसाला ते आठ-आठ दिवस शेजारी उभं करत. मला वाटायचं, एवढं काय असतं त्यात?

म्हणून मी टूम काढली. छोटे, सोपे व्हिडिओ. एक काम, एक व्हिडिओ, तीन मिनिटं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला कॅमेऱ्यासकट बोलावलं. मिस्त्री दाढी करून, टोपी धुऊन आले. पहिला विषय — साच्यात पत्रा अडकला तर काय करायचं.

मिस्त्रींनी मोटर बंद केली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मोटर बंद झाली तरी प्रेसचं जड चाक बराच वेळ फिरत राहतं. तेवढ्यात चुकून पाय पेडलवर पडला, तर वरचा ठोकळा खाली येतोच. ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "मोटार बंद झाली म्हंजी चाक थांबलं न्हाई. त्ये थांबंस्तवर हात मागं. बायकूनं हाक मारली तरी म्होरं आनायचा न्हाई." मग दीड मिनिट नुसते उभे. चाक थांबलं, तेव्हा कुठे हात आत घातला.

व्हिडिओ साडेचार मिनिटांचा झाला. बघायला मुंबईहून मोठे साहेब येणार होते. मला तीनच मिनिटं हवी होती — आणि खरं सांगू? मिस्त्रींच्या बोलण्याची मला लाज वाटली. बायकूनं हाक मारली तरी! साहेब काय म्हणतील? मी ते उभं राहणं कापलं. बोलणंही कापलं. वर माझ्या शुद्ध मराठीत दोन वाक्यं चिकटवली — मोटर बंद करावी. पत्रा काढावा. साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्यानंतर नव्या माणसांचे मिस्त्रींशेजारचे आठ दिवस बंद झाले. कँटीनमध्ये तीन मिनिटं टीव्ही बघायचा आणि कामाला लागायचं.

भुकूमचा दत्तू, दोन पोरींचा बाप, तसाच कामाला लागला. पाचव्या दिवशी पत्रा अडकला. त्याने मोटर बंद केली आणि लगेच हात घातला. व्हिडिओत दिसत होतं तसं — अगदी तसंच. उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीत व्हिडिओ लावला. मिस्त्रींनी तो तोवर पाहिलाच नव्हता. कॅसेट कापता येते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मोटर बंद, की लगेच हात आत — ते स्वतःलाच बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "साहेब, मी म्हनलो व्हतो न्हवं? हात मागं ठिवा म्हून?"

मूळ कॅसेट माझ्या ड्रॉवरमध्ये होती. हाताच्या अंतरावर.

मी म्हणालो, "नाही, मिस्त्री. तुमच्याकडून राहून गेलं."

त्यांनी वाद घातला असता तर? पण नाही घातला. स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. "दिसत न्हाई म्हंजी मी केलंच नसंल," एवढंच पुटपुटले. त्याच दुपारी कँटीनच्या व्हीसीआरवर मी ती कॅसेट पुसली. हात जराही कापला नाही — हेही सांगायलाच हवं.

मिस्त्रींनी पुन्हा कुणाला काही शिकवलं नाही. स्टोअरला बदली मागून घेतली. पावसाळ्यात रजा टाकून भुकूमला जायचे आणि दत्तूच्या खाचरात चिखलात वाकून भात लावायचे. साठीला आलेला माणूस. दत्तूची बायको सुरुवातीला त्यांना पाणीसुद्धा देत नसे, असं मी कारखान्यात ऐकलं. ऐकलं आणि फायलीत डोकं घातलं.

निवृत्तीच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. डोळे भरलेले. "साहेब, येवढी मोठी चूक पोटात घातलीत. तुमी व्हता म्हून नोकरी ऱ्हायली. लई उपकार हायेत."

मी म्हणालो, "असू द्या, मिस्त्री. होतं माणसाकडून."

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. पिरंगुटहून पौड अर्ध्या तासावर आहे. मी गेलो नाही.