काळ्या कोटाला घाबरलेलं गाव

डांबरगोळ्यांचा वास आला की मला माझा वकिलीचा काळा कोट आठवतो. गरिबांचे दावे फुकट लढणारी आमची संस्था नवी होती आणि तिची प्रमुख म्हणून मी भर उन्हाळ्यात तो कोट मिरवत गोंडपिपरीकडच्या एका गावात शिरले. जप्तीवाले आले समजून गाव रानात पळालं! दिराने जिचं शेत बळकावलं होतं ती आमची विधवा अशीलही पळाली, आणि दुसऱ्याच दिवशी चांद्याच्या कोर्टात तिची तारीख. मी धापा टाकत तिला मोहाच्या झाडाखाली गाठलं आणि कोट काढत ओरडले, "अहो, मी तुमचीच वकील!" ती हसत सुटली. "मंग काढून काऊन राह्यली बाई? घाल. उद्या माह्या दिराले पयू दे." दीर काही पळाला नाही, पण शेत सुटेपर्यंत आम्ही दोघीही हटलो नाही. कोट मिरवणाऱ्या तेव्हाच्या माझ्यातल्या पोरीचं आज मला त्या न हटण्यापुरतंच कौतुक वाटतं.