नाईक श्रावणचा बरानकोट

अठ्ठेचाळीस साली आमची कंपनी काश्मीरात एका टेकडीखाली होती. मी सेक्शनचा हवालदार. पहाटे अटॅक. आदल्या संध्याकाळी जवान आपापल्या वस्तू एकमेकांकडे सोपवायचे. कोणी घड्याळ, कोणी बायकोचा फोटो. 'नाही आलो तर घरी पोचव.' तसा हुकूम नव्हता, पण सगळेच करायचे. नाईक श्रावणनं काही दिलं नाही. म्हणाला, "साहेब, मी वापस येतो नं!"

आला, पण स्ट्रेचरवर. मोर्टारचा तुकडा मणक्याजवळ घुसला होता. तो काढता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

पुढे पेन्शनवर मी हिंगणघाटला आलो, कापसाच्या जिनिंगच्या गेटवर नोकरीला लागलो. श्रावण त्याच्या गावी, हिंगणीला. त्याला धड बसता येईना, धड निजता येईना. छप्पन्नच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घ्यायला गेला, तेव्हाही दिवसभर उभा राहिला. तोंडातून हूं की चूं नाही. मी विचारलं की छाती काढून म्हणे, "ठीक है, साहेब!" आमची जातच तशी. फौजी मेला तरी ठीकच म्हणेल. त्याची बायको यमुनाबाई मात्र म्हणायची, "भाऊजी, काई ठीक नाई. रातभर आंगणात चकरा मारून राह्यतात."

त्याच वर्षी पौषात एका सकाळी तो मोटारीनं गेटवर आला. हातात घडी केलेला फौजेतला जाड बरानकोट. चेहरा शांत. कितीतरी दिवसांनी हसला.

"हा तुमच्यापाशी ठेवा, साहेब."

"एवढ्या थंडीत? काऊन बे?"

"मले आता काय लागते?"

अशी सोपवासोपव मी एकदा पाहिली होती. आडवळणानं विचारायची ही वेळ नव्हती.

"श्रावण, जीव द्याचं ठरवलं काय?"

"थकलो, साहेब. घरच्यायची तरी सुटका होईन."

"सुटका कोणाची? यमुनाबाईले विचारलं काय? मी हा चार्ज घेत नाई. कोट घाल."

त्यानं घातला.

"आन् आतापासून ठीक है बंद. दुखते तं दुखते म्हण. हा हुकूम हाय!"

तो तिथंच रडला, कापसाच्या गाड्यांसमोर. गाडीवाले पाहत राहिले. मी ओरडलो, "काय पाहता बे? गाड्या पुढं घ्या!" रडू मलाही येत होतं.

त्याला एकट्याला सोडलं नाही. त्याच्यासोबत हिंगणीला गेलो, त्याच्यादेखत यमुनाबाईला सगळं सांगितलं. ती रागावली, मग रडली, मग तिनं चूल पेटवून चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी तिघं वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो. औषधानं दुखणं थोडं उतरलं, गेलं नाही. पण श्रावण बोलू लागला. "आज लय हाय," म्हणे. यमुनाबाई वीट तापवून कंबर शेके. मी दर बाजाराच्या दिवशी हिंगणीला जाई. बसता येत नसे म्हणून त्यानं उभ्यानं पाणी देता येईल अशी वांगी लावली. वाईट दिवस पुन्हाही आले. तेव्हा तो आम्हाला सांगायचा.

बऱ्याच वर्षांनी तो तापानं गेला, घरी, माणसांत.

टेकडीवर पडलेल्या माझ्या जवानांची नावं पलटणीच्या दगडावर आहेत. ते मला रोज आठवतात. त्या दगडावर श्रावणचं नाव नाही, कारण सरकारच्या हिशोबानं त्याची लढाई स्ट्रेचरवर संपली. ती पुढं कितीतरी वर्षं चालली, मी साक्षीदार आहे. म्हणून इथं लिहितो: नाईक श्रावण, मुक्काम हिंगणी. शेवटपर्यंत पोस्ट सोडली नाही.