वयाची अट

मालवण बंदराजवळ, जाळी ठेवायच्या एका खोलीत, मासळी विकणाऱ्या बायकांचा साक्षरता वर्ग दुपारी भरायचा. एक शिक्षिका तो पदरमोड करून चालवत होती. आमच्या संस्थेने त्याला अनुदान मंजूर केलं, आणि शिकणाऱ्यांची मंजूर यादी घेऊन मी कणकवलीहून गेलो.

यादी दारावर चिकटवली. बायका घोळक्याने जमल्या, पण पुढे आली ती साठीची एक मावशी. तिने ओला हात पदराला पुसला आणि एकेका नावाखाली बोट धरून, ओठ हलवत, यादी शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा वरून वाचली.

"माझा नाव खंय आसा?" तिने मला विचारलं.

"पंचेचाळीसच्या आतल्यांनाच घ्यायचं, अशी अट आहे, मावशी."

"बस गो तू, कोण बघता?" शिक्षिका तिला म्हणाली.

"हजेरीचा फोटो पाठवावा लागतो," मी म्हणालो.

मावशीने पिशवीतलं पुस्तक काढून त्याचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला आणि ते शिक्षिकेच्या हातात दिलं.

"माका वाचूक इला नसता," ती म्हणाली, "तर उद्यापण मी इलंय असतंय."

चपला घालून ती निघून गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

'सर्व लाभार्थी अटीत बसतात,' असं मी अहवालात लिहिलं. आतापर्यंत वाचता येऊ लागलेली ती वर्गातली एकटीच, असं शिक्षिकेने मला सांगितलं होतं. ते लिहायला अहवालात रकाना नव्हता.