तेल न घातलेलं चाक

माझा भाऊ कडूबा काही मोठा माणूस नव्हता. फोटो त्यानं जन्मात एकदाच काढला, त्यातही ऐन वेळी मान वळवली. पण सरकारी दवाखान्यात कुठलं संगीत वाजवावं हे पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना ज्यानं शिकवलं, असा माणूस आमच्या गावात एकच झाला आणि तो माझा भाऊ होता. मी दुसरीतून शाळा सोडली. लिहिताना ओळ चढते, उतरते. तरी लिहिते आहे, कारण नातवंडं म्हणतात, आजी, तू दर वेळी वेगळंच सांगते. कागदावर आलं म्हणजे एकच राहील.

गाव जळगाव जामोदपासून तीन कोसांवर. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे फक्त नाला. रुसून माहेरी जावं तर चुलीवरचा भात शिजायच्या आत पोचून जाई, त्यामुळे रुसण्याला काही शान राहत नसे. कडूबा माझ्याहून आठ वर्षांनी थोरला. रंगराव पाटलांच्या मळ्यात त्यानं वीस वर्षं मोट हाकली. बैल उतारानं निघाले की तो नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसून गाणं धरायचा, आणि पलीकडच्या वावरातल्या बाया निंदण थांबवून ऐकायच्या. भजनातही पहिला आवाज त्याचाच. मग पाटलांनी ऑइल इंजिन आणलं आणि मोट सुटली. मोटेचं बाभळीच्या लाकडाचं जुनं चाक तेवढं भावानं मागून घेतलं. परातीएवढं असेल. वहिनी म्हणाली, चुलीत घाला. त्यानं ते गोठ्याजवळच्या विहिरीवर बसवलं आणि त्यावरून बादलीनं बैलांचं पाणी ओढू लागला.

ही गोष्ट महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली तेव्हाची. माझी कोकिळा सातवीत होती. पोरगी हुशार, पण तिला दमा. घाबरली की छाती भरून यायची. सहामाहीच्या पेपरात अर्ध्या तासात तिला उचलून घरी आणावं लागलं. वार्षिक परीक्षा तर जळगाव जामोदला, परक्या शाळेत, परक्या मास्तरांसमोर. तिचे वडील म्हणाले, हीही परीक्षा तिच्यानं होत नाही, पेपर अर्धा सोडून आली की शाळा पुरे, लग्नाचं पाहू. रागानं नाही म्हणाले. ते वाईट नव्हते, फक्त एकदा बोललेलं बदलत नसत. आमच्या घरात सातवीपर्यंत गेलेली ती पहिलीच बाई होती.

दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. दम्याच्या माणसांना त्या सकाळी ओसरीवर बसवून श्वासाचा व्यायाम शिकवायच्या. चार आकडे मोजून श्वास आत, आठ मोजून बाहेर. कोकिळा होती, शालूबाई होती, सरकी काढायच्या जिनात कापसाची धूळ खाल्लेले म्हातारे शेषराव होते, आणखी दोघं-तिघं. पण आकडे मोजले की आमच्या लोकांना घाई सुटते. शेषराव आठाच्या आत श्वास सोडून मोकळे व्हायचे आणि बाजूला पाहायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेषराव, ही शर्यत नाही."

"नसन," शेषराव म्हणाले, "पण पयला मीच आलो."

मग बाईंच्या मनात आलं की आकडे बंद करावे आणि मागं काहीतरी संथ वाजत ठेवावं, म्हणजे श्वास आपोआप त्याच्या चालीनं चालेल. गावात गाणं कोणाचं, तर कडूबाचं. त्याला बोलावणं आलं. भाऊ धुतलेलं धोतर नेसून, भजनी मंडळाचे टाळ, ढोलकी, सगळं घेऊन गेला. अभंग हळू धरला. दुसऱ्या कडव्याला शालूबाई गुणगुणू लागली, तिसऱ्याला सगळी ओसरी टाळ्या वाजवत गात होती, आणि गजर आला तेव्हा शेषराव उभे राहून नाचत होते. मग खोकल्यानं असे बेजार झाले की बाईंना सुई द्यावी लागली. भाऊ परतीच्या वाटेवर मला म्हणाला की भजन ऐकून गप बसणारा माणूस आपल्या गावात नाही, हे आधी ध्यानात यायला हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा रेडिओ आणून ठेवला. सनई लागली होती, बेस चाललं होतं. तेवढ्यात सनई संपून कापसाचे भाव सुरू झाले आणि ओसरीवरच्या एकूण एक माणसानं श्वास रोखून धरला. बाईंनी रेडिओ परत पाठवला.

तिसरी चूक माझी. मी म्हटलं, जात्यावरच्या ओव्या म्हणते, त्यांची चाल संथ. डोळे मिटून म्हणायला बसले. माहेरच्या, भावाच्या ओव्या आल्या आणि बाया रडायला लागल्या. हुंदका आल्यावर कसला श्वास? मी स्वतःही रडले, आणि माझं माहेर तर नाल्यापलीकडं.

डॉक्टरीणबाई चांगल्या, पण थकल्या. म्हणाल्या, जमेल तसं घरीच करा. परीक्षा महिन्यावर आली होती.

त्याच दिवशी कोकिळेला मामाच्या घरी जोराची धाप लागली. मी नाला ओलांडून धावत गेले. पोरगी गोठ्यापाशी भिंतीला टेकून बसली होती, खांदे वरखाली होत होते. भाऊ विहिरीवर बैलांचं पाणी ओढत होता. मला त्याचा राग आला, की पोरीचा जीव चालला आणि याला बैल सुचतात. जवळ जाऊन पाहते तर बैल केव्हाच तोंड फिरवून उभे, त्यांच्या पाण्याची डोण भरून वाहत होती, तरी भाऊ ओढतच होता. बादली खाली जाताना चाक भरकन फिरायचं. भरलेली बादली वर येताना सावकाश कण्हायचं, लांबलचक. मग पाणी पडल्याचा आवाज आणि जरा शांतता. कोकिळेचे खांदे त्या चाकाबरोबर चालले होते. बादली खाली, श्वास आत. बादली वर, श्वास बाहेर. भावानं माझ्याकडं न पाहता नुसता हात केला, की थांब. मी चिखलातच बसले. पंधरा-वीस बादल्या गेल्या असतील, पोरगी उठली आणि भूक लागली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चाक दवाखान्याच्या विहिरीवर चढलं. पण ते इतकं सोपं नव्हतं. तिथं चाक कोरड्या आसावर कावळ्यासारखं ओरडू लागलं. तेल घातलं तर मुकं झालं. भावानं दोन दिवस त्यात घालवले. शेवटी भिजवलेली चिंधी आसाला गुंडाळली, तेव्हा त्याला हवा तसा खालचा, भरल्या घशाचा आवाज निघाला. बादलीही लहान-मोठ्या चार पाहिल्या. डॉक्टरीणबाई मनगटावरचं घड्याळ पाहून हो-नाही सांगत. सगळं जमल्यावर भाऊ सवयीनं मोटेचं गाणं म्हणू लागला आणि ओसरीवरचे सगळे श्वासाचा व्यायाम सोडून गाणं ऐकू लागले. बाईंनी हात जोडले. म्हणाल्या, "कडूबा, चाकालाच गाऊ द्या."

ज्या माणसाचं गाणं ऐकायला बाया निंदण थांबवत, तो त्या दिवसापासून रोज तासभर तोंड मिटून पाणी ओढू लागला. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातलं अवघड काम तेच. दवाखान्याचा हौद मात्र कधी रिकामा राहिला नाही, आणि पाणी भरण्याचं काम सुटल्यानं तिथला शिपाई जाडा झाला.

शेषराव आता सगळ्यांच्या शेवटी श्वास सोडायचे आणि त्याचाही तोरा मिरवायचे. कोकिळेला धाप महिनाभरात दोनदाच लागली. पण जळगाव जामोदला चाक कुठलं? परीक्षेच्या आदल्या दिवशी भावानं ते उतरवलं, पोत्यात घातलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसमध्ये आमच्याबरोबर येऊन बसला. तिचे वडीलही होते. त्यांनी पोत्याकडं पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

शाळेच्या आवारात विहीर होती. भावानं शिपायाला सांगितलं की झाडं वाळून चालली आहेत, फुकट पाणी घालतो. कोण नाही म्हणेल? लोखंडी चाक उतरवून आपलं बसवलं, चिंधी भिजवली. घंटा झाली. गणिताचा पेपर होता.

अर्ध्या तासानं एक मास्तर बाहेर आले. त्यांना चाकाचा त्रास होत होता. म्हणाले, "बाबा, चाकात तेल घाला थोडं."

भावानं दोर हातात तसाच धरून ठेवला. मी आणि तिचे वडील लिंबाच्या झाडाखाली होतो. मला वाटलं, संपलं.

"मास्तर," भाऊ म्हणाला, "तेल घातलं तं माह्या भाचीचा श्वास बंद पडन. अंदर बसून राह्यली ते. तिले दमा हाये. ह्या चाकाच्या चालीनं ते श्वास घेते."

मास्तरांनी आसावरची ओली चिंधी बोटानं चाचपली. मग म्हणाले, "मग सावकाश ओढा."

"सावकाशच ओढून राह्यलो, जी."

तीन तास ओढलं त्यानं. साठीला टेकलेला माणूस. तळहात सोलून निघाले. झाडांची आळी भरली, आवारातून पाणी रस्त्यावर गेलं. घंटा झाली आणि कोकिळा आपल्या पायांनी चालत बाहेर आली.

"मामा," ती म्हणाली, "मधात तुम्ही थांबले होते."

"मास्तर आले होते. मंग तू काय केलं?"

"तुम्ही ओढेपर्यंत मनातच ओढलं. एक बादली जास्तच झाली."

भाऊ चाक उतरवू लागला. तेव्हा तिचे वडील पुढं झाले. त्यांनी चाक पोत्यात घातलं, पोतं आपल्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "उद्या कोणता पेपर हाये?"

एकदा बोललेलं बदलताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. बसमध्ये ते पोतं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे. ते म्हणाले, पोरीच्या शाळेचं सामान.

कोकिळा त्या केंद्रात दुसरी आली. पुढं शिकून मास्तरीण झाली, ते नातवंडांना ठाऊकच आहे. चाक माझ्याकडं आहे. माझीही छाती आता कधीमधी भरते, तेव्हा थोरला नातू ते अंगणातल्या विहिरीवर बसवून देतो. फार भरभर ओढतो तो. मी त्याला सांगते, अरे, तू कडूबाचा नातेवाईक आहेस, जरा त्या मानानं वाग.